चौदा टक्क्यांचा मार

अत्यंत महत्त्वाची सूचना! बुलढाणा शहर आणि पंचक्रोशीतील तमाम ठेवीदार, भागधारक आणि सभासद बंधू-भगिनींनी हातातलं काम थांबवून लक्ष द्यावं. अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक दिनकर इंगळे यांचं आज पहाटे राहत्या घरी निधन झालं आहे. त्यांच्या निधनाचा जिल्ह्यातील कोणत्याही बँकेच्या भांडवलाशी काडीचाही संबंध नाही. ठेवीदारांनी घाबरून जाऊ नये. सर्व बँका नेहमीच्या वेळी उघडतील आणि नेहमीच्या वेळी जेवणासाठी बंद होतील.

हा मजकूर माझा नाही. माझी मंडप डेकोरेशन आणि साऊंड सर्व्हिस आहे. लग्नं, सभा, वाढदिवस, आणि ऑटोवर भोंगा बांधून गावभर निधनवार्ता सांगणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. या आवाजानं मी अर्ध्या बुलढाण्याला शेवटचा निरोप दिला आहे. पण स्वतःची निधनवार्ता स्वतः लिहून, पाकिटात घालून, वर 'शरदने वाचावी, नाटकीपणा करू नये, श आणि ष वेगळे उच्चारावेत' अशी ताकीद देऊन ठेवणारा मयत मला एकच भेटला. त्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास सिस्टरचा फोन आला. सिस्टर म्हणजे सरांच्या पत्नी. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणतं, आणि खरं सांगायचं तर सरही त्यांना सिस्टरच म्हणायचे. "शरद, सर गेले. झोपेतच. भोंगा घेऊन ये," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी पोचलो तेव्हा सर पलंगावर शांत पडले होते. असे शांत पडलेले सर मी त्याआधी एकदाच पाहिले होते, आणि तेव्हा ते बेशुद्ध होते.

सिस्टरनी पाकीट हातात दिलं. मी उभ्या उभ्या वाचलं आणि... मला हसू फुटलं. मयताच्या उशाशी उभा राहून हसणारा मी काही फार बरा दिसत नसणार, पण सिस्टरही पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग बराच वेळ पदर तिथंच राहिला. आहे तसंच वाचू का, मी विचारलं. वाच, त्या म्हणाल्या, चार वेळा खोडून लिहिलंय, जेवणाच्या सुट्टीचं वाक्य तर गेल्या महिन्यात घातलं. वेळेची मोकळी जागा तेवढी भरून मी वाचलं. चौकात लोक हसले, भाजीवाल्या हसल्या. पण बसस्टँडजवळ दोन म्हातारे पासबुक हातात धरून बँकेच्या दिशेनं झपझप निघालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. म्हणजे सर मेल्यावरही बरोबर निघाले. एका प्राध्यापकामुळे बँकेसमोर रांग लागू शकते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण ती एकदा लागली होती आणि त्या रांगेनं त्यांना तुडवलं होतं. ती गोष्ट मला सांगायची आहे. तिच्यात मारामारी पुष्कळ आहे, आणि मारामारी सांगताना मला आनंद होतो हे आधीच कबूल करून टाकतो.

मी अकरावीला सरांच्या हाताखाली होतो, आणि त्यांचा हात मोठा होता. सर मूळचे धामणगाव बढ्याचे. अंगावर मांस नावालाच, पण डस्टर फेकण्याचा नेम असा की शेवटच्या बाकावर झोपलेल्याच्या कपाळाला नेमकी लाकडी बाजू लागायची. माझ्या डाव्या भुवईतली खूण ही 'मागणी आणि पुरवठा' या प्रकरणाची आहे. 'भांडवल' या प्रकरणात मात्र त्यांनी कधी कुणाला मारलं नाही. ते प्रकरण आलं की आवाज खाली यायचा, हात सावकाश व्हायचे. फळ्यावर व्याख्या लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे... बँकेचं स्वतःचं भांडवल म्हणजे भागधारकांचा निधी, अधिक राखीव निधी, अधिक अमुक, वजा तमुक. आम्ही मुकाट्यानं उतरवून घ्यायचो. आम्हाला काही कळायचं नाही आणि आम्हाला कळलेलं नाही हे त्यांना बरोबर कळायचं. मग खडू ठेवून ते खिडकीतून बाहेर बघत राहायचे. तीस वर्षं त्यांनी त्या व्याख्येसाठी सोपं वाक्य शोधलं. ते अखेर सापडलं बँकेच्या पायरीवर, नाकातून रक्त येत असताना.

सरांचं वेड थोडक्यात सांगतो. जिल्ह्याचं बरं चाललंय की वाईट, हे लोक कापसाच्या भावावरून, नव्या मोटारसायकलींवरून, सोनाराच्या दुकानातल्या गर्दीवरून ठरवतात. सर म्हणायचे, मोटारसायकल उधारीवरही येते, तिच्यावरून काय कळणार? खरं बघायचं असेल तर गावोगावच्या लहान सहकारी बँका आणि पतसंस्था यांच्या वार्षिक अहवालात शेवटच्या पानांवर एक आकडा असतो, तो बघा. संस्थेनं वाटलेल्या कर्जाच्या शेकडा तिचं स्वतःचं भांडवल किती, एवढं तो सांगतो. दुकानदाराचा हप्ता थकला, ट्रॅक्टर दारात उभा राहिला, लग्नाचं कर्ज बुडालं, की त्याचा घाव आधी या आकड्यावर पडतो. एका संस्थेचा आकडा पडला तर तिचे संचालक चोर असतील. पण मोताळ्यापासून चिखलीपर्यंत सगळ्यांचे आकडे एकदम उतरायला लागले, तर जिल्ह्याला ताप भरतोय असं समजा. दोन वर्षांत बाजारपेठेत शटर खाली येणार आणि पोरं पुण्याच्या बसमध्ये बसणार. "डॉक्टर जीभ पाह्यतो, मी भांडवल पाह्यतो," असं म्हणून ते एसटीनं जिल्हाभर फिरायचे, प्रत्येक संस्थेचा अहवाल मिळवायचे आणि घरी येऊन चौकटीच्या वहीत सगळ्यांचे आकडे एकाच कागदावर रेघेरेघेनं काढायचे. त्या रेघा खाली झुकल्या की सिस्टर त्यांना जेवायला दोनदा हाक मारत नसत.

अहवाल मिळवणं मात्र सोपं काम नव्हतं. आमसभेला लोक येतात ते नाश्त्यासाठी आणि भेटवस्तूसाठी. दारातच स्टीलचा डबा मिळतो, डब्यात अहवाल गुंडाळून घातलेला असतो. लोक डबा पिशवीत घालतात आणि अहवालावर पोह्याची बशी ठेवतात. सर उलटं करायचे. अहवाल काढून घ्यायचे आणि डबा शेजारच्याला देऊन टाकायचे, त्यामुळे सरांच्या शेजारच्या खुर्चीला फार भाव होता. मोताळ्याला एकदा दोन सख्ख्या जावांनी त्या खुर्चीवरून एकमेकींच्या झिंज्या धरल्या आणि लोळत लोळत थेट व्यासपीठापर्यंत आल्या. सर त्यांच्या डोक्यावरून अहवालाची पानं उलटत होते.

पहिला मोठा मार त्यांच्या स्वतःच्या गावात पडला. धामणगाव बढ्यातल्या एका पतसंस्थेची आमसभा होती. ती संस्था आता नाही, नाव कशाला घ्यायचं... मंडप माझा होता, माइकही माझा. अध्यक्षांनी घसघशीत लाभांश जाहीर केला, टाळ्या पडल्या, आणि सर उभे राहिले. भांडवल गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आलं असताना हा लाभांश नेमका कोणाच्या खिशातून वाटताय, एवढंच त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून दोन बोटांची कात्री चालवली. या खुणेचा अर्थ आमच्या धंद्यात सांगावा लागत नाही. मंडपाचं भाडं यायचं होतं... मी माइक बंद केला. हे मी आजवर कुठं बोललो नव्हतो. सर तसेच बोलत राहिले, वर्गातलाच आवाज, त्याला माइक लागतो कुठे? मग अध्यक्षांचा पुतण्या उठला आणि त्यानं सरांच्या कानाखाली जाळ काढला. मला वाटलं, आता सर खाली बसतील. सरांनी मांडीवरचा स्टीलचा डबा उचलला. डस्टरचा तो जुना नेम! डबा पुतण्याच्या कपाळावर असा बसला की शाळा सुटल्यासारखी घंटा वाजली. त्यानंतर सभेत जे झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. खुर्च्या उडाल्या, पोह्यांचं पातेलं उपडं झालं, कुणीतरी कुणाचं तरी डोकं माझ्या साऊंड बॉक्समध्ये घातलं. सरांना चौघांनी उचलून मंडपाच्या खांबावर आपटलं. खांब मोडला, तोही माझाच.

मी त्यांना ऑटोत घालून बुलढाण्याला आणलं. सिस्टरनी घरच्या घरी टाके घातले, आणि प्रत्येक टाक्याला एक अशी नवऱ्याची अक्कल काढली. सर भिंतीकडे बघत होते. मध्येच म्हणाले, "भाडं भेटलं का बे तुले?" मी म्हटलं, नाही भेटलं. "मंग माइक काऊन बंद केला?"  

दोन वर्षांत ती पतसंस्था बुडाली. पुतण्या आठवडी बाजारात लोकांच्या हाती लागला आणि घरी पोचला तेव्हा त्याच्या अंगावर फक्त बनियान होतं, तेही एका बाहीचं. मला वाटलं सर खूश होतील. मी पेढे घेऊन गेलो तर त्यांनी पेढ्यांचा पुडा अंगणात भिरकावला. म्हणाले, ज्यांचे पैसे बुडाले त्यातले निम्मे लोक त्या दिवशी मंडपात बसले होते, त्यांच्या मांडीवर आकडा छापलेला होता, आणि ते त्याच्यावर पोहे खात होते. मी ओरडलो, पण मला सांगताच आलं नाही, असं सर म्हणाले. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. मरायच्या आधी निदान एका तरी साध्या ठेवीदाराला, ज्यानं कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही अशा माणसाला, तो आकडा आपला आपण वाचता आला पाहिजे आणि तो काय म्हणतो हे कळलं पाहिजे. एक. जास्त नको.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या फाटकाला बोर्ड लावला. डावीकडे बँकांची नावं, उजवीकडे भांडवलाचा टक्का, खडूनं लिहिलेला. रस्त्यानं जाणारा एक माणूस थांबेल तर शपथ. सर संध्याकाळी खुर्ची टाकून बोर्डाशेजारी बसायचे आणि लोक त्यांना किती वाजले विचारायचे. मला ते बघवेना, आणि मग मी ते पाप केलं. मी म्हटलं, सर, धरणं काढा. आमच्या गावात पाण्याची बोंब जुनी आहे. उन्हाळ्यात पेपरमध्ये धरणांच्या साठ्याची टक्केवारी येते, ती लोक राशिभविष्याच्या आधी वाचतात. तेव्हा प्रत्येक बँकेचं एक धरण काढायचं, भांडवल जितके टक्के तितकं निळं पाणी दाखवायचं, न शिकलेल्यालाही एका नजरेत कळेल. सरांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी मला मिठी मारली. ती पहिली आणि शेवटची. माझ्या ओळखीचा पेंटर आला. गावातली सगळ्यात धडधाकट बँक होती, तिचं भांडवल शेकडा चौदा. नियमानं लागतं त्याहून चांगलंच जास्त. पेंटरनं धरणाची भिंत काढली, शंभर भाग केले, चौदा मोजले आणि तळाशी एक निळी पट्टी ओढली. आम्ही तिघं कमरेवर हात ठेवून त्या चित्राकडे कौतुकानं बघत उभे राहिलो. सरांना चौदाचा आकडा दिसत होता, पेंटरला निळा रंग दिसत होता आणि मला माझी हुशारी. तळ उघडं पडलेलं धरण तिघांपैकी कुणालाच दिसलं नाही.

धरणात चौदा टक्के म्हणजे काय, हे बुलढाण्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. चौदा टक्के म्हणजे टँकर. कुणीतरी बोर्डाचा फोटो काढला, खाली लिहिलं, 'बँकेत फक्त चौदा टक्के पैसे शिल्लक, इंगळे सरांनी सांगितलं', आणि तो सगळ्या जिल्ह्याच्या मोबाइलवर फिरला. धामणगावची संस्था बुडणार हे सरांनी आधी सांगितलं होतं, तेव्हा त्यांच्या शब्दाला आता वजन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाड्यांनी लोक उतरले, चिखलीचे, मोताळ्याचे, अमडापूरचे. बँक उघडायच्या आधीच रस्ता भरला. बँक उघडली आणि काही मिनिटांत पहिली काच फुटली.

मी भोंग्याचा ऑटो घेऊन पोचलो तेव्हा तुळशीची कुंडी खिडकीतून आत चालली होती. कॅशिअरला कॉलर धरून जाळीच्या फटीतून ओढत होते, तो अर्धा आत आणि अर्धा बाहेर, आणि दोन्हीकडून त्याला फटके पडत होते. मॅनेजर टेबलाखाली होते, टेबल कुणीतरी उचलून नेलं तेव्हा ते नुसतेच खाली राहिले. रांगेतल्या नंबरावरून दोन म्हाताऱ्या एकमेकींना चावल्या. चावल्या हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. पोलीस आले, काठ्या चालल्या, आणि त्यात ज्यांचं त्या बँकेत खातंच नव्हतं असेच लोक जास्त सापडले. अशा वेळी हातात अहवाल घेऊन, पायात स्लिपर घालून सर चालत आले.

लोकांनी आधी वाट करून दिली. सर आले, सर आले असं झालं. सर पायरीवर चढले आणि त्यांनी सांगितलं, बँक उत्तम आहे, तुमचा समज चुकलाय, घरी जा. मागून कुणीतरी म्हणालं की म्हातारा विकला गेला, आणि पहिला दगड आला. तो खांद्यावर बसला, दुसरा कानावर. तेवढ्यात आतून बँकेचा शिपाई आणि दोन कारकून बाहेर आले. बोर्ड लावून त्यांची बँक बुडवायला निघालेला माणूस आयता दारात उभा होता. त्यांनी मागून धरलं, ठेवीदारांनी पुढून. मी जन्मभर आमसभा पाहिल्या, पण कर्मचारी आणि ठेवीदार यांचं एखाद्या मुद्द्यावर इतकं एकमत झालेलं त्या एकाच दिवशी पाहिलं.

ठेवीदारांत सगळ्यात पुढे अमडापूरची कौसाबाई होती. बाजारात बांगड्यांचं दुकान मांडणारी, साठीच्या पुढची, नवरा वारलेला. हाताची पकड अशी की लहान मापाची बांगडी नवरीच्या हातात चढवून मोकळी होते आणि नवरीला कळतही नाही. नवऱ्यामागं एक प्लॉट राहिला होता, तो विकून आलेला पैसा न् पैसा तिनं या बँकेत ठेवला होता. ती शिव्या देत नव्हती, रडत नव्हती. तिनं पायातली चप्पल काढली, पदर खोचला आणि सरांच्या तोंडावर मोजून मारल्यासारखी मारत राहिली. चष्मा गेला. नाकातून रक्त आलं. मी ऑटो गर्दीत घुसवला, माइक उचलला, आणि ज्या आवाजावर मी पोट भरतो तो माझा आवाज फुटेचना. मग मी माइक सरांच्या हातात कोंबला. कौसाबाईचा हात पुन्हा वर गेला. सरांनी बँकेच्या दारात दोन्ही हात आडवे केले आणि भोंग्यातून रस्त्याच्या पार टोकापर्यंत आवाज गेला:

"मार माय, मार. मले मारल्याबिगर तुले आत जाता येनार नाई. पह्यला मार मले, मंग तुह्या पैशाले. यालेच भांडवल म्हनतेत."

चप्पल हवेतच राहिली. सरही थबकले. आपण आत्ता काय बोललो ते त्यांना ऐकू आलं होतं, आणि त्या रक्ताळलेल्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी कुठल्या नवरदेवाच्या तोंडावरही पाहिलेला नाही. ते घाईघाईनं सांगत सुटले. लोक कर्ज बुडवतात, तो बँकेला बसलेला मार. शंभरातले चौदा मार बँक स्वतःच्या अंगावर घेते. ते चौदा संपेपर्यंत ठेवीदाराच्या रुपयाला कुणी हात लावू शकत नाही.

"मंग चौदा म्हंजे कमी का जास्त?" कौसाबाईनं विचारलं.

"जास्त, माय. लय जास्त."

"मंग चित्रात पानी काऊन नाई?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माइक अजून चालू होता. "चित्र याच्या डोक्यातलं हाय," ते म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं मी फारसं काही पाहिलं नाही, कारण मी खाली होतो. मला पडलेला मार मनापासून पडला. माझी एक दाढ त्या रस्त्यावर आहे.

एका वाक्यानं दंगल थांबते ती नाटकात. इथं पुढच्या पन्नास-साठ लोकांना कळलं, मागच्यांना नाही, आणि दगड दुपारपर्यंत येतच राहिले. त्यातल्याच एकानं सर कोसळले. शेवटी पोलिसांच्या गाडीमागून रोकड आली, लोकांनी डोळ्यांनी नोटांच्या पेट्या पाहिल्या, तेव्हा कुठे हात खाली आले. तीन दिवस लोक पैसे काढत होते आणि बँक देत होती. बँक टिकली. कौसाबाईनं काढले नाहीत. गर्दी पांगली तेव्हा ती पायरीवर बसली होती आणि शुद्ध हरपलेल्या सरांना पदरानं वारा घालत होती. तिची दुसरी चप्पल कुणीतरी नेली होती, त्याबद्दल मात्र ती रस्त्याला ऐकू जाईल अशा शिव्या देत होती.

सरांचा डावा कान त्या दिवशी गेला, तो परत आला नाही. सिस्टरनी बोर्ड उतरवला, कुऱ्हाडीनं फोडला आणि आठवडाभर बंबात घातला. सर पलंगावरून विचारायचे, आज कोणत्या बँकेवर पाणी तापलं? पण वेड गेलं नाही, उलट आता त्यांना वाक्य सापडलं होतं आणि विद्यार्थीही. दर वर्षी अहवाल निघाला की कौसाबाई अमडापूरहून यायची आणि सर तिला शिकवायचे. बांगड्यांच्या मापांमुळे तिला आकडे वाचता यायचे, अक्षरं नाही. कितव्या पानावर, खालून कितवी ओळ, हे तिनं पाठ केलं. ती चुकली की सर पट्टी उगारायचे, आणि सरांनी पट्टी उगारली की तिचा हात चपलेकडे जायचा. सिस्टर मध्ये चहा ठेवायच्या. आकडा ती बरोबर शोधायची, पण याचा अर्थ काय असं विचारलं की खांदे उडवायची. म्हणायची, सर सांगतात ते खरं. सर यानं फार चिडायचे. मी मेल्यावर कोण सांगेल तुला, असं एकदा ते इतक्या जोरात ओरडले की शेजारचे धावत आले. माझी त्यांची शेवटची भेट झाली त्या दिवशीही ते हेच बोलत होते. सगळ्या रेघा थोड्या खाली झुकल्यात, ते म्हणाले, आणि बघायला कोणी नाही. मग चांगला कान माझ्याकडे करून म्हणाले, "तीस वर्सं आन् एक कान खर्ची घातला बे. एक पोरगं पास नाई झालं."

त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले. विहारातून भंते आले, वंदना झाली, अंत्ययात्रेला जिल्हाभरच्या संस्थांचे संचालक आले होते. त्यातले काही खरोखर दुःखी होते. ज्या शिपायानं सरांना मागून धरलं होतं त्यानं खांदा दिला.

तीन आठवड्यांनी त्याच बँकेची आमसभा झाली. मंडप माझाच. अध्यक्षांनी श्रद्धांजली वाहिली, सर म्हणजे आमच्या बँकेचे हितचिंतक होते असं सांगितलं, सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग लाभांश जाहीर झाला, टाळ्या झाल्या. विषय क्रमांक चार, अहवाल आणि ताळेबंद मंजूर करणे. दर वर्षी या जागी सर उठायचे. अध्यक्षांनी सवयीनं थोडी वाट पाहिली. कुणी उठलं नाही. पोह्यांचा वास यायला लागला होता. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी सांगू शकतो, कारण माइक लावायला मी शेजारीच होतो. सुटलो, असं आलं. ते मंजूर म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक स्टीलचा डबा दणकन खाली पडला. कौसाबाई उभी होती. हातात अहवाल, पान उघडलेलं, बोट खालून दुसऱ्या ओळीवर. पुढचे काही लोक हसले. अध्यक्षही हसून म्हणाले, "मावशी, नाश्ता मांगच्या बाजूले हाय." मी माइक घेऊन तिच्याकडे निघालो, पण ती थांबली नाही.

"नाश्ता राहू द्या. चौदाचे तेरा झाले, हा एक मार कोनाचा बसला, ते सांगा पह्यले."